ऑर्गन आणि आपले शेजारी
(महोत्सवाच्या तयारीच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त एके सायंकाळीं देवळाचीं दारें सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांस उघडावीं व माळ्यावरील आपला लहानसा ऑर्गन त्यांस ऐकवावा, असें आम्हीं सुचविलें. तेव्हां कित्येकांनीं विचारिलें, "देऊळ म्हणजे काय नाटकगृह आहे?" ही शंका भक्तीपोटींच उपजली आहे, म्हणून तिचें उत्तर देणें आमचें कर्तव्य होय.

ऑर्गन म्हटला कीं महाराष्ट्रांत संगीत नाटकांतील पायपेटी आठवते. तींत धातूच्या पत्त्या कंप पावून सूर निघतो. आपल्या वाद्यांत भात्याचा वारा नळ्यांत शिरतो आणि बहुतेक नळ्या बांसरीप्रमाणें बोलतात. ज्यांनीं तें कधीं ऐकलेंच नाहीं, त्यांस हा भेद कळावा कसा?

फिलिपीन्समध्यें मनिलाजवळ लास पिन्यास येथें दिएगो सेरा या धर्मगुरूंनीं १८१६ सालीं वेळूचा ऑर्गन बांधावयास घेतला. कीड लागूं नये म्हणून वेळू वाळूंत पुरून ठेविला. १८२४ सालीं काम पुरें झालें. एकंदर १,०३१ नळ्या, पैकीं ९०२ वेळूच्या! पुढें भूकंप व वादळें यांच्या तडाख्यानें वाद्य मोडकळीस आलें. १९७३ सालीं तें दुरुस्तीसाठीं जर्मनीस धाडिलें. १९७५ सालीं परत आलें. मात्र तेथील मंडळींनीं तें केवळ जपून ठेविलें नाहीं. १९७६ पासून तेथें ऑर्गनमहोत्सव भरूं लागला व देशोदेशींचे वादक त्या देवळांत येऊं लागले.

ख्रिस्तसभेचें मतही ऐका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींच्या आपल्या लेखांत नळ्यांच्या ऑर्गनास मोठा मान दिला. देवळांतील संगीतसभांविषयीं रोमहून १९८७ सालीं सूचना निघाल्या. संगीत देवळाच्या पावित्र्यास शोभणारें असावें, प्रवेश विनामूल्य व सर्वांस मोकळा असावा, असें त्यांत सांगितलें आहे. आम्हीही तिकीट लावणार नाहीं व धर्मसंगीताखेरीज कांहीं वाजवूं देणार नाहीं.

एक दोष आम्हीं कबूल केला पाहिजे. मुलें हात लावतील म्हणून माळ्यास कुलूप आम्हींच घातलें. आज वाजविणारे एकच वृद्ध गृहस्थ उरले आहेत. त्यांच्यामागें कोणी नाहीं. यास्तव त्या सायंकाळीं वादनापूर्वीं मुलांस माळ्यावर नेऊन भाता व नळ्या दाखवाव्या, असा आमचा विचार आहे. त्यांतील एखाद्यानें जरी "मला शिकवा" म्हटलें, तरी महोत्सव सार्थकीं लागला असें आम्ही समजूं. तें मूल कोणत्या घरचें, हें आम्ही विचारणार नाहीं.

प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.