चालणाऱ्यांचा रस्ता

पोर्ट लुईच्या बाजारात आई तुमचा हात घट्ट धरते. का बरे? मोटारींची भीती असते ना! पण जिथे मोटारी येतच नाहीत, असाही एक बाजाररस्ता आहे. त्याची गोष्ट ऐका.

डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन. तेथे शहराच्या मध्यभागी 'स्ट्रॉयेट' नावाचा जुना रस्ता आहे. तो सुमारे १ किलोमीटर लांब आहे. पूर्वी तेथे मोटारींची फार गर्दी असे. चालणाऱ्यांना कडेकडेने दाटीवाटीत जावे लागे.

१९६२ साली नगरपालिकेने तेथे मोटारी बंद करून पाहिल्या. दुकानदार घाबरले. मोटारी आल्या नाहीत, तर गिऱ्हाइके कशी येणार? एवढ्या थंडीत पायी कोण फिरणार?

पण झाले उलटेच! माणसे निवांत चालू लागली, दुकानांत डोकावू लागली. गर्दी वाढली. १९६४ साली हा बदल कायमचा झाला. आजही तेथील करकोच्यांच्या कारंज्यापाशी लोक गप्पा मारत बसतात.

मुलांनो, नव्या गोष्टीची भीती वाटतेच. म्हणून ती आधी करून पाहावी, मग ठरवावे. आणि लक्षात ठेवा, रस्ता गाड्यांचा असतो, तसाच माणसांचाही असतो.