बैठकीची जागा



मागे एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, इतकी कॉलेजं असलेल्या धारवाडात हार्डकोअर पंक वाजवणारा बँड चालेल का हो?" मी ते हसण्यावारी नेलं. भीमसेन, गंगूबाई अशी दोन-चार नावं घेतली आणि त्याला गप्प केलं. घरी आल्यावर वाटलं, त्याचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर आळशी होतं.

हार्डकोअर म्हणजे काय, ते मग मी समजून घेतलं. १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनमधली शाळा-कॉलेजातली पोरं मिनिट-दीड मिनिटाची वेगवान, कर्कश गाणी वाजवू लागली. १९८० सालीच इयन मकाय आणि त्याच्या मित्रांनी 'डिस्कॉर्ड' या नावाने स्वतःच तबकड्या काढल्या. क्लबात दारू मिळते म्हणून लहान पोरांना आत सोडत नसत. तेव्हा हातावर फुली मारा, पण ऐकू द्या, अशी तोड काढली. पुढे मकायच्या 'फुगाझी'ने तिकीट पाच डॉलरच्या आसपासच राहावं म्हणून हट्ट धरला. त्यांचं गाणं मला अर्ध्या तासापुढे सोसत नाही. पण गाण्याइतकीच मेहनत त्यांनी ऐकण्याच्या जागेवर घेतली, हे मानावं लागतं.

आपल्याकडे म्हणतात, धारवाडच्या पाण्यातच गाणं आहे. पाण्याने गवई होत नाहीत. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. ती गाडी नसती तर? धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मिरजेला नीलकंठबुवांकडे गेले. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत आणि म्हैसूरला जाता-येता या भागात थांबत. सतारिये रहिमत खाँ तर धारवाडातच स्थायिक झाले. १९१७ साली कर्नाटक कॉलेज निघालं, त्यातून शिकलेला श्रोता मिळाला. १९५० च्या जानेवारीत आकाशवाणी केंद्र सुरू झालं, गवयांना काम मिळालं. मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते. गाडी, गुरूचं घर, कॉलेज, केंद्र यांवर हे गाणं उभं राहिलं.

आणि भाषा? कुंदगोळचे रामभाऊ कानडी मुलखातले, पण 'सवाई गंधर्व' झाले ते मराठी रंगभूमीवर. उलट घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे मोठे कवी झाले, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतर आपण मराठी लेखकांनी या गवयांकडे बहुतेक पुण्याच्या मांडवातून पाहिलं. रामभाऊ १९५२ साली गेले, पुण्याचा महोत्सव १९५३ पासून. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही त्यांच्या पुण्यतिथीला गाणं होतं. तिथे सतरंजीवर बसून ऐकलेलं आपल्यापैकी किती जणांनी लिहिलं? मीही फार उशिरा गेलो. पुण्याच्या महोत्सवाबद्दल मात्र मी तीनदा लिहिलं आहे.

त्या विद्यार्थ्याला मी परत बोलावलं. तेव्हा कळलं, 'चालेल का' हा प्रश्न नुसता नव्हता. तो आणि त्याचे दोन मित्र वाजवतातच. ड्रमचा आवाज ऐकून घरमालकाने त्यांना खोली सोडायला लावली. आता शहराबाहेर एका मित्राच्या काकांच्या गोदामात, शेंगांची पोती सरकवून, रविवारी दुपारी सराव करतात. गाणी कन्नडमध्ये लिहावीत की मराठीत, यावर त्यांचं भांडण चाललंय. याच्या घरी मराठी, गल्लीत कन्नड, आणि शिव्या दोन्हींतल्या पाठ.

मी म्हटलं, "भाषेचं तुम्ही बघा. गोदामाला बस कुठली जाते, तेवढं सांग."

तो म्हणाला, "सर, तुम्हाला आवडणार नाही."

"मन्सूरही काही सगळ्यांना पहिल्या दिवशी आवडले नसतील," मी म्हटलं. रविवारी दुपारी गेलो. कानात कापूस घालून गेलो, हेही सांगून टाकतो. बसायला त्यांनी मला शेंगांचं पोतं दिलं.