परसबागेतील सहनिवासी
(अध्यक्षीय भाषण)



 उद्यानरचनाकारांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून व्यवसायाच्या उत्कर्षाचा आढावा घेण्याचा प्रघात असला, तरी आज मी एकाच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो; आणि तो असा की, घराभोवती आपण ज्या बागा रचतो, त्यांत माणसाखेरीज आणखी कोणाला सुखाने राहता येते?

हद्दीवर चोहोबाजूंनी सिमेंटची अखंड भिंत, आत पेव्हर ब्लॉकची फरसबंदी, मध्ये हिरवळीचा तुकडा आणि कडेने एकसारख्या कातरलेल्या शोभेच्या झुडपांची रांग, हा आराखडा मालकाला नीटनेटका वाटतो आणि आपल्यालाही सोयीचा पडतो. परंतु ज्या जमिनीवर कालपर्यंत असंख्य जिवांची वहिवाट होती, तेथून त्यांना आपण बेदखल करीत आहोत, याची जाणीव क्वचितच कोणाला होते. आपल्या जुन्या परसात न्हाणीचे सांडपाणी केळी-अळवाकडे वळवलेले असे, विहिरीलगत लिंबू व कढीलिंब असत, आणि कोकणात तर हद्दीला चुन्याविना नुसत्या जांभ्या दगडांचा गडगा रचलेला असे, ज्याच्या सांदीकोपऱ्यांत सापसुरळी आणि बेडूक आसरा घेत. हे सारे गरजेपोटी आपोआप घडत होते. आता आपल्याला ते बुद्धिपुरस्सर घडवावे लागेल.

नीलवंत हे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य-फुलपाखरू म्हणून घोषित झाले. त्याची मादी लिंबाच्या कुळातील झाडांच्या पानांवर अंडी घालते. लहानपणी तिची अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने भक्षकाची दृष्टी तिच्यावर ठरत नाही, पुढे ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचले असता मस्तकामागून उग्र दर्पाची शिंगे बाहेर काढते. फुलपाखरे यावीत म्हणून आपण हौसेने फुलझाडे लावतो आणि लिंबावर अळी दिसताच औषध फवारतो. पाहुण्याला पंगतीला बसवून त्याच्या लेकरांना विष घालण्यासारखेच हे आहे. चिमणीचेही तसेच. ती स्वतः दाणे टिपते, पण पिलांना मुख्यतः अळ्या व कीटक भरवते. तेव्हा ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, त्या बागेत दाण्यांची कितीही रास ओतली, तरी चिमणीचे बिऱ्हाड नांदणार नाही.

लागवडीइतकेच महत्त्व बांधकामाला आहे. भिंतीच्या तळाशी वीतभर झरोके ठेवावेत, म्हणजे मुंगूस व बेडूक यांची ये-जा अडणार नाही. फरशांचे सांधे सिमेंटने न भरता मोकळे ठेवावेत, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल. धोका नसेल तेथे एखादे वाळलेले खोड तसेच राहू द्यावे, कारण लाकूड पोखरणारे भुंगे त्यातच घर करतात आणि दयाळासारखा पक्षी ढोलीत वीण घालतो. पाण्याची परात उथळ असावी, मधमाश्यांना टेकण्यासाठी तीत खडे असावेत, आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ती पालथी घालून घासावी. सापांच्या धास्तीने मालक हरकत घेईल, आणि ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणून जिवांच्या आसऱ्यासाठी ठेवलेली दगडांची व पाल्याची रास उंबरठ्यापासून दूर ठेवावी, आणि उंदरांना बोलावणारे खरकटे अंगणात साचू देऊ नये.

शेवटी एक ठराव मी सभेपुढे मांडतो. मंजुरीसाठी आपल्या दप्तरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नकाशासोबत, झाडांच्या यादीइतकाच तपशीलवार असा एक तक्ता असावा, ज्यात कोणत्या जिवाचे अन्न कोठे, पाणी कोठे आणि विणीची जागा कोठे, हे नमूद केलेले असेल. आणि सालभराने आपण स्वतः जाऊन तो जागेवर पडताळावा. शोभा आणि सोय यांचा हिशेब आपण आजवर चोख ठेवला. यापुढे आश्रयाचाही ठेवू, कारण जमिनीचा दाखला मालकाच्या नावे असला, तरी तिच्यावर जगण्याचा हक्क एकट्या माणसाचा नाही. हा ठराव आपण एकमताने मंजूर करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.