उन्हाचा देश, पावसाचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून एक प्रश्न लोंबकळतो आहे. पुढच्या वर्षी वयाची ५८ वर्षं पूर्ण करून मी नोकरीतून निवृत्त होईन. थोरला मुलगा दुबईत असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. खुशाली विचारून झाली की तो मुद्द्यावर येतो, ''अब्बा, आता तुम्ही दोघं इकडेच या. चिखल नाही, लाइट जात नाही, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. अम्मीच्या गुडघ्यांना इथलं ऊन मानवेल.'' मागून नातीचा आवाज येतो. बायको माझ्याकडे बघते आणि मी खिडकीबाहेर माहुलीच्या डोंगराकडे बघतो. आज या प्रश्नाबद्दलच तुमच्याशी थोडं बोलावं म्हणतो.

म्हातारपणी उन्हाच्या देशात जाऊन राहायचं, ही रीत जगात जुनी आहे. इंग्लंडातली माणसं पेन्शन सुरू झाली की स्पेनच्या समुद्रकाठी घर घेतात. जपानी मंडळी मलेशियात जातात, अमेरिकन माणसं मेक्सिकोत उतरतात. थंडीने आखडलेल्या हाडांना ऊन हवं असतं आणि पेन्शनच्या पैशांना स्वस्ताई. पण तिथे गेल्यावर त्यांचे दोन भाग पडतात. काही जण आपलाच मोहल्ला करून राहतात. आपलीच खानावळ, आपलंच वर्तमानपत्र, वीस वर्षं राहूनही शेजाऱ्याची भाषा येत नाही. दुसरे मात्र भाषा शिकतात, गावच्या जत्रेत मांडव घालायला जातात. त्यांतले काही जण स्पेनमधल्या नगरपालिकांवर निवडूनही आले. २०२० साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. २०२१पासून, ज्यांनी तिथल्या रहिवासाची कागदपत्रं केली नव्हती, त्यांना दर १८० दिवसांत ९० दिवसच राहण्याची मुभा उरली. घर स्वतःचं, पण त्यात राहायचे दिवस मोजून! ऊन विकत घेता येतं, गाव विकत घेता येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं असेल.

आम्हा कोकणी मुसलमानांची तऱ्हा तर आणखी उलटी. उन्हाच्या देशात आम्ही राबायला गेलो आणि निवृत्त व्हायला पावसाच्या गावात परत आलो. कुवेत, सौदी, कतार इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की पेटी बांधायची. माझा आतेभाऊ तिकडे अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवत होता. त्याच्या पासपोर्टांची चळत आहे, पण एकाही पानावर 'आता इथेच राहा' असा शिक्का नाही. दुबईने २०२०मध्ये ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी पाच वर्षांचा निवृत्तीचा व्हिसा सुरू केला. त्यालाही उत्पन्नाची, ठेवीची नाहीतर मालमत्तेची अट आहे. मुलाने सगळी चौकशी करून ठेवली आहे.

मी तिथे दोन हिवाळे राहून आलो आहे. खोटं कशाला सांगू, आवडलं मला. सकाळचं कोवळं ऊन, बागेतली सपाट पायवाट. पहिले आठ दिवस मात्र माझं तोंड बंद होतं. मशिदीत खांद्याला खांदा लावून नमाज पढायचा, सलाम फेरायचा आणि चपला घालून निघायचं. शेजारी उभा राहिलेला माणूस कुठला, त्याचं नाव काय, काही ठाऊक नाही. नवव्या दिवशी बागेतल्या बाकावर एक गृहस्थ कोल्हापुरी ठसक्यात फोनवर बोलताना ऐकले. मी मुद्दाम मराठीत विचारलं, ''किती वाजले हो?'' माझ्या मनगटावर घड्याळ होतं, ते त्यांनी पाहिलं आणि हसले. मग त्या बाकावर रोज बैठक बसू लागली. ते कोल्हापूरचे, एक रत्नागिरीकडचे, एक केरळचे मास्तर आणि मी. पण आमच्या बोलण्यात एक गोष्ट हटकून यायची. तिथे आम्हाला कुणाचं काही करायचं नव्हतं आणि कुणाला आमच्याकडून काही नको होतं. नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं, एवढंच काम. आराम होता, पण आपण नसलो तर कुणाचं काही अडत नाही, ही जाणीव माणसाला हळूहळू पोखरते.

आता माझ्या गावाकडे या. मी शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे राहतो. आम्ही बाहेर जाण्याचा विचार करतो आहोत आणि मुंबईची माणसं निवृत्त होऊन आमच्याकडे येत आहेत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना 'सेकंड होम'चे फलक लागले आहेत. फलकावर डोंगर, झोपाळा आणि उगवता सूर्य. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो आमच्या तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून फलक आणखी वाढले.

पण फलकावर पाणी दाखवत नाहीत. तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून शहापूरचं पाणी मुंबई पिते आहे. आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा एकट्या भातसा धरणाचा. ते धरणही आमचंच. पावसाळ्यात इथे असा पाऊस कोसळतो की समोरचा माणूस दिसत नाही आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. विहिरीच्या तळाशी वाटी-वाटीने पाणी भरणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आमच्या शेजारी असंच एक जोडपं मुंबईहून राहायला आलं. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेत शिकवायच्या. टुमदार घर, भोवती कुंपण, अंगणात बोअर. पहिल्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या दोन बाया फाटकाशी आल्या. ''दादा, हंडाभर पानी मिळंल का?'' काकांनी दिलं. दुसऱ्या दिवशी दहा जणी आल्या. काका घाबरले आणि त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. आयुष्यभराची पुंजी घालून माणूस शांततेसाठी आलेला असतो. पण त्या कुलपाचा आवाज गावाने ऐकला. नंतर काका दिसले की लोक 'राम राम' करायचे, पण थांबायचे नाहीत. काकू मला म्हणाल्या, ''भाईसाहेब, इथली माणसं जरा अबोलच आहेत, नाही?'' मी काय सांगणार? तीच माणसं म्हसाच्या यात्रेहून आली की आमच्या ओट्यावर दोन-दोन तास बैलांच्या किमतींवर वाद घालत बसतात.

दुसऱ्या वर्षी काकूंनीच हट्ट धरून कुंपणाबाहेर नळ काढला. सकाळी एक तास सोडायचा. बाया येऊ लागल्या, येताना कुणी करवंदं, कुणी शेवग्याच्या शेंगा आणू लागल्या. पण खरी गोष्ट पुढेच घडली. मे महिन्याच्या मध्यावर त्यांची बोअर आटली. मोटर नुसती गरगरली. टँकर आला त्या दिवशी काकू दोन बादल्या घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पाड्यावरची एक म्हातारी म्हणाली, ''बाय, तुझी बादली पुढं दे.'' काकूंनी दिली नाही. म्हणाल्या, ''माझा नंबर आला की भरेन.'' त्या दिवशी त्यांना रिकाम्या बादल्या घेऊन परतावं लागलं. टँकर त्यांच्या आधीच संपला. संध्याकाळी मात्र त्यांच्या फाटकाशी भरलेला एक हंडा होता. कुणी ठेवला ते अजून कळलेलं नाही. त्यानंतर त्या घराला 'बँकवाल्याचा बंगला' म्हणणं गावाने सोडलं. आता ते 'काकूचं घर' आहे.

मला तेव्हा नाणेघाट आठवला. आमच्या मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जायचा. मालाबरोबर परदेशी माणसंही जायची. त्यांतले काही यवन त्या मुलखात रमले. जुन्नरच्या लेण्यांमध्ये त्यांची नावं कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्खू संघासाठी भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेली ही माणसं कुठे राहत होती, त्यांची घरं केवढी होती, हे आज कुणाला सांगता येत नाही. त्यांचं नाव राहिलं ते पाण्यापाशी आणि पंगतीपाशी. परक्या मुलखात माणूस कशाने आपला होतो, हे त्या दगडांनी दोन हजार वर्षं सांभाळून ठेवलं आहे. काकूंनी त्यात माझ्यापुरती एका ओळीची भर घातली. नुसतं देऊन भागत नाही, रांगेतही उभं राहावं लागतं.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. माझे वडील गेले ते जुलै महिन्यात. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. कब्र खोदायला घेतली, तर जितकं खोदावं तितकं पाणी भरत होतं. आम्ही घरची चार माणसं घमेल्यांनी पाणी उपसत होतो आणि ते पुन्हा भरत होतं. एवढ्यात शेजारच्या वाडीतले सात-आठ कुणबी शेतकरी इरली टाकून आले. भाताची लावणी अर्धी सोडून आले होते. काही न बोलता त्यांनी वरच्या अंगाला चर खणला, पाणी वळवलं. शेतात पाणी वळवण्यात हयात गेलेले ते हात! तासाभरात कब्र कोरडी झाली. माझे वडील त्यांच्या बापांच्या मयतीला असेच गेले होते. उधारी कुणी लिहून ठेवली नव्हती.

मुलाला मी हे फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''अब्बा, तुम्ही मरणाचंच का बोलता? मी जगायला बोलावतोय.'' त्याचंही बरोबर आहे. नात आमच्याशिवाय वाढते आहे, तेही खरंच आहे. उन्हाच्या देशाला मी नावं ठेवणार नाही. त्या बाकावरची जागा कोल्हापूरकरांनी माझ्यासाठी राखून ठेवली आहे, असा त्यांचा निरोप आहे.

म्हणून आम्ही दोघांनी असं ठरवलं आहे. हिवाळ्याचे दोन महिने नातीकडे जायचं. तिथे असताना बाकावर नुसतं बसायचं नाही. संध्याकाळी त्या चौघांच्या नातवंडांना जमवून मराठी वाचायला शिकवायचं, म्हणजे तिथेही आपलं काहीतरी अडेल. आणि होळीच्या आधी परत यायचं. कारण होळी झाली की विहिरी खाली जायला लागतात आणि पाड्यावरच्या टँकरसाठी पंचायतीत जो अर्ज द्यायचा असतो, तो लिहायला दरवर्षी मलाच बोलावतात.

कवी म्हणून मला फारसं कुणी ओळखत नाही. गावात मी 'अर्ज लिहिणारे भाई' आहे. निवृत्तीनंतर एवढी ओळख मला पुरेशी आहे.