रंगभवनापासून हाकेच्या अंतरावर



मुंबईच्या रॉक संगीताचा वारसा साजरा करायला आपण सारे इथे जमलो आहोत.

संमेलन धोबीतलावलाच भरवायचं, यावर स्वागत समितीत फारशी चर्चाही करावी लागली नाही. १८६५ पासून वाद्यं आणि नोटेशनची पुस्तकं विकणारं फुर्तादोज इथलंच. नोकरीच्या शोधात गोव्याहून आलेला माणूस जेर महाल या इमारतीतल्या आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, ट्रंक ठेवायचा आणि मग मुंबई बघायला बाहेर पडायचा. अनेकांच्या ट्रंकेसोबत व्हायोलिनची नाहीतर ट्रम्पेटची पेटी असे. याच माणसांनी रात्री हॉटेलांत जाझ वाजवलं आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसून काम केलं. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ १९५१च्या ‘अलबेला’त आपल्या सी. रामचंद्रांसोबत होते. पुढे रॉक या शहरात आलं, तेव्हा त्याला इथे वाजवणारे हात आणि ऐकणारे कान आधीच भेटले.

साठच्या दशकात गिटार हाती घेतलेली काही मंडळी आज पहिल्या रांगेत बसली आहेत. आज मोबाइलवर बोट ठेवलं की कुठलाही सोलो हवा तितका सावकाश ऐकता येतो. या मंडळींचं शिक्षण कसं झालं ते नव्या मुलांनी जरूर विचारावं. परदेशी वाद्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, आलीच तर किंमत परवडायची नाही. गाणं ऐकायचं ते रेडिओ सिलोनवर नाहीतर कुणाच्या तरी परदेशी मामाने आणलेल्या तबकडीवर. तेहतीसच्या वेगाची लाँगप्ले तबकडी ही मुलं ग्रामोफोनवर सोळाच्या वेगाला लावत. वेग निम्मा झाला की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो, आणि झरझर निघून जाणारी गिटारची सुरावट एकेक सूर करून कानात पडते. मग सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं. तबकडीवर त्या जागी ओरखडा उठेपर्यंत हे चाले. गाण्याचे शब्द चार जणांनी मिळून वहीत उतरवायचे आणि अडलेल्या जागी जे कानाला पटेल ते गायचं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा. गंजलेल्या तारा उकळत्या पाण्यात टाकून, पुसून पुन्हा चढवायच्या. ही मला शास्त्रीय संगीताच्या तालमीइतकीच खरी तालीम वाटते, आणि तिची नोंद व्हायला हवी.

या मुलांना मोठा रंगमंच मिळाला तो सिमला बीट स्पर्धेमुळे. इम्पिरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ती भरवली. देशभरातले बँड तिथे उतरले, आणि १९७० व १९७१च्या स्पर्धांमधल्या बँडच्या लाँगप्ले तबकड्या निघाल्या. जाहिरातीसाठी का होईना, त्या निघाल्या म्हणून आज ते आवाज आपल्याकडे आहेत. त्या काळात वाजवणाऱ्या कितीतरी बँडचा एक सूरही कुठे मुद्रित झालेला नाही. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या बँडची ‘ऑब्सेशन ’७७’ ही तबकडी इथे निघाली आणि विस्मरणात गेली. कित्येक वर्षांनी लॉस एंजेलिसच्या एका कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा कीथ कांगा आणि त्यांचे साथी काय वाजवत होते हे जगाला कळलं. हे काम आपल्या शहरात व्हायला हवं होतं.

आता मराठी माणूस म्हणून थोडं बोलते. रॉक हे इंग्रजी शाळेतल्या, दक्षिण मुंबईतल्या मुलांचं, आपलं त्याच्याशी काय देणंघेणं, असं आपल्या घरांतून वर्षानुवर्षं बोललं गेलं. नंदू भेंडे यांचं नाव घेतलं की या बोलण्याला आधार उरत नाही. आत्माराम आणि आशा भेंडे या मराठी रंगभूमीवरच्या दांपत्याचा हा मुलगा. सॅव्हेजेस, व्हेल्व्हेट फॉग या बँडमध्ये तो गायला. १९७४ साली अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत उभं केलं, त्यात तो ज्यूडास होता. आणि १९७८ साली पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी बसवला, तेव्हा त्यातही नंदू भेंडे गायले. रॉकमध्ये घडलेला तो गळा पुलंच्या मराठीत आला आणि कुठेही परका वाटला नाही. २०१४च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्यासोबत वाजवलेले काही जण आज या सभागृहात आहेत, त्यांना मी उभं राहून नमस्कार करते.

या शहरात बाहेरचे थोर कलावंतही आले. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी इथल्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं, आणि त्यातलंच एक वादन पुढे ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याला मिळालं. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आले. त्यांनी इथल्या वादकांबरोबर दोन गाणी मुद्रित केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबात रात्री वाजवलंही. ते मुद्रण २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आलं, आणि त्यावर आपल्या वादकांची ओळख आहे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. मला त्या दोन शब्दांनी समाधान होत नाही. सारंगी कुणी धरली होती, तबल्यावर कोण होतं, त्यांना त्या दिवशी काय वाटलं, हे सांगणारं माणूस आपल्याला शोधायला हवं. इतिहास हा नावांनी उभा राहतो. पेज आणि प्लांट यांची नावं जगाला पाठ आहेत. आपली आपण लिहायची आहेत.

आणि रंगभवन! इथून हाकेच्या अंतरावर असलेलं ते उघड्यावरचं नाट्यगृह. तिथे मराठी नाटकं झाली, १९७८ पासून जाझ यात्रा झाली. मार्च १९८०मध्ये टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या महिलांनी पोलीस या इंग्लिश बँडचा कार्यक्रम तिथेच घडवला. १९८६मध्ये फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इंडिपेंडन्स रॉक सुरू केलं, आणि ऑगस्टच्या पावसात भिजत उभ्या राहिलेल्या पोरांच्या दोन पिढ्या तिथे वाढल्या. आयोजक आणि श्रोते ओळखीची परदेशी गाणी मागत असताना उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांच्या रॉक मशीनने स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला. १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम आला, पुढे हाच बँड इंडस क्रीड झाला. ‘आपलं गाणं आपण लिहायचं’ ही हिंमत पेंटाग्रामपासून डेमॉनिक रेझरेक्शनपर्यंत सगळ्या बँडना त्या हट्टातून मिळाली, असं माझं ठाम मत आहे.

रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयं यांच्या भोवतालचं शंभर मीटरचं क्षेत्र तेव्हाच्या नियमानुसार शांतता क्षेत्र ठरायचं. रंगभवनाच्या शेजारी कामा आणि जीटी ही रुग्णालयं आहेत, झेवियर्स कॉलेज आहे. त्यामुळे २००३च्या सुमारास तिथला ध्वनिवर्धक बंद झाला. आजारी माणसाला शांतता मिळायलाच हवी, त्याबद्दल या व्यासपीठावर कुणाचंही दुमत नाही. पण एक जागा काढून घेतली तर दुसरी द्यायची, ही जबाबदारी कुणी पाळली नाही. त्यानंतर हे संगीत अंधेरीची मैदानं, जुहूचं हॉटेल, लोअर परळच्या गिरणीच्या आवारातलं ब्लू फ्रॉग असं जागा बदलत राहिलं. ब्लू फ्रॉग २०१६ साली बंद झालं, त्याच वर्षी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकानही. शहराने आपल्या वादकांना परवडेल अशा भाड्याची, ध्वनिरोधक भिंतींची एक सार्वजनिक जागा द्यावी, अशी मागणी आम्ही उद्याच्या ठरावात मांडत आहोत. त्यावर सर्वांनी सह्या कराव्यात.

नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ आणि सिद्धार्थ भाटिया यांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ ही दोन पुस्तकं झाली नसती तर मुंबईतल्या जाझ आणि रॉकचा बराचसा भाग आठवणींबरोबर संपला असता. म्हणून या संमेलनात कथा सांगणाऱ्यांना वादकांइतकाच मान आहे, आणि वेळही तितकाच ठेवला आहे. मराठीतून बोलणारे, लिहिणारे अधिक यावेत म्हणून दुपारची दोन सत्रं मराठीत आहेत. संध्याकाळी तरुण बँड वाजवतील. गिटार-ड्रम्सच्या साथीने अभंग गाणारे अभंग रिपोस्टसारखे बँड आज लोकप्रिय आहेत, हे बघून मला मनापासून आनंद होतो.

आता व्यवस्थेबद्दल. डावीकडच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय केली आहे. ज्येष्ठ वादकांनी आपल्या सोयीने तिथे बसून बोलावं, स्वयंसेवक सोबत असतील. जुनी हँडबिलं, तिकिटं, छायाचित्रं आणली असतील तर स्कॅन करून लगेच परत दिली जातील. छायाचित्रातल्या माणसांची नावं मात्र मागच्या बाजूला पेन्सिलीने जरूर लिहा, विशेषतः बाजूला उभ्या असलेल्या, केबल ओढणाऱ्या, स्पीकर उचलणाऱ्या मुलांची. मधल्या सुट्टीत कयानी या इराणी हॉटेलात चहा आणि ब्रुन-मस्का आहे, कुपनं आपल्या पिशवीत ठेवली आहेत.

ठराविक दीपप्रज्वलनाऐवजी आज उद्घाटन वेगळ्या पद्धतीने होईल. संमेलनाध्यक्षांनी पुढे यावं, समोरच्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण चालू करावं आणि गिटारच्या तारांवरून हात फिरवून संमेलनाचं उद्घाटन झाल्याचं जाहीर करावं, अशी मी त्यांना विनंती करते.