प्रिंटरलाही कुलूप हवं

ऑफिसातला प्रिंटर वाय-फायला जोडला, की तो नुसतं छपाईयंत्र राहत नाही. तो एक छोटा संगणकच होतो. २०१८ च्या नोव्हेंबरात एका हॅकरने जगभरातल्या हजारो प्रिंटरांवर एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापून काढली. त्यासाठी पासवर्ड फोडावा लागला नाही. त्या प्रिंटरांचा छपाईचा पोर्ट, क्रमांक ९१००, इंटरनेटवर सताड उघडा होता.

मग काय करायचं? प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करा, सेटिंग्जचं पान उघडेल. सर्वांत आधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. कंपनीने दिलेला पासवर्ड अनेकदा माहितीपुस्तिकेतच छापलेला असतो. टेलनेट, एफटीपी अशा न लागणाऱ्या सेवा बंद करा. राउटरवर प्रिंटरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग ठेवू नका; बाहेरून येणारी वाट तिथेच बंद होते. फर्मवेअर वेळच्या वेळी अपडेट करा.

पगारपत्रकं, आधारच्या प्रती ट्रेमध्ये पडून राहणं धोक्याचंच. ऑफिसच्या अनेक प्रिंटरांत पिन टाकल्यावरच कागद बाहेर येईल अशी सोय असते. ती जरूर वापरा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. मोठ्या यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती तिच्यात राहू शकतात. म्हणून यंत्र विकताना किंवा भाड्याचं यंत्र परत करताना ती डिस्क पूर्ण पुसून घ्या. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जपणं ही आपलीच जबाबदारी आहे.