फोटोतला माणूस ओळखू यावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी लेण्याद्री येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याती नव्हे. "तुमच्या घरी त्या फोटोचे जे झाले, तेच सर्वांना सांगा," अशी अध्यक्षबाईंची आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. हल्ली प्रत्येकीच्या हाती मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये फोटो 'सुंदर' करणारे एआयचे, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे, एखादे ॲप आहे. तेव्हा ही गोष्ट केवळ आमच्या घरापुरती उरलेली नाही.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने नवे घर बांधले. वास्तुशांतीच्या आधी समोरच्या भिंतीवर आजीआजोबांचा मोठा फोटो लावावा, अशी त्याला हौस वाटली. माझ्या सासूबाईंना जाऊन आता वीस वर्षे झाली. त्यांचा आणि मामंजींचा तरुणपणचा एकच फोटो घरात आहे. तो १९६२ साली जुन्नरला स्टुडिओत जाऊन काढलेला. एका पावसाळ्यात कौलांतून गळलेले पाणी चौकटीत शिरले आणि सासूबाईंचा डावा गाल पुसट झाला. पुतण्याने तो फोटो ॲपमध्ये घातला आणि चहाला उकळी येईपर्यंत सासूबाई लख्ख होऊन बाहेर आल्या. रंग गोरापान, गाल तुळतुळीत, डोळे टपोरे! आम्ही सारी खूष झालो. खोटे कशाला सांगू, मीही झाले.

वास्तुशांतीला सासूबाईंची धाकटी बहीण, माझ्या मावससासूबाई आल्या. वय पंच्याऐंशीच्या घरात. काठी टेकीत त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. मामंजींना त्यांनी ओळखले, हात जोडले. मग मला जवळ बोलावून हळूच विचारले, "अगं, दाजींच्या शेजारी ही कोण बसलीय?"

भगिनींनो, त्या प्रश्नाने माझ्या पोटात कालवले.

सासूबाईंना लहानपणी देवी आल्या होत्या. तो रोग आपल्या देशातून हद्दपार झाल्याचे १९७७ मध्ये जाहीर झाले. पण त्याआधी ज्या मुली त्यातून वाचल्या, त्यांनी चेहऱ्यावरचे वण जन्मभर वागवले. त्या वणांपायी सासूबाईंना तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथे स्थळ मामंजींचे. पुढे स्टुडिओत फोटो काढताना फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, निगेटिव्हवर जरा पेन्सिल फिरवली की वण दिसायचे नाहीत. काढू का?" सासूबाई म्हणाल्या, "माझं लग्न या वणांसकट झालंय. फोटोतही राहू द्या." ही हकीकत त्या आम्हा सुनांना किती अभिमानाने सांगत! आणि त्यांनी मुद्दाम राखलेले ते वण आम्ही मोबाइलवर एका बोटाने पुसून टाकले.

आता कोणी म्हणेल, फोटोला हात लावणे पूर्वीही होतेच की. होते. फोटोग्राफर निगेटिव्ह उजेडावर धरून टोकदार पेन्सिलीने त्यावर बारीक ठिपके देई. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तेवढी जागा शिशाने भरली की छापताना तो डाग उजळतो. काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंगही चढवीत. परंतु ते काम माणूस करी, समोर बसलेल्या माणसाला पाहून करी, आणि त्याला विचारूनही करी. सासूबाईंना 'नको' म्हणता आले, ते विचारणारा होता म्हणून.

यंत्र कसे चालते ते पाहा. आपल्याला वाटते, पुसलेला गाल ते शोधून काढते. जो भाग पाण्याने गेला तो कोठेच शिल्लक नाही. मग सापडणार कोठून? यंत्र तेथे अंदाजाने नवा गाल रेखाटते. हा अंदाज ते शिकते दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये फ्लिकर या संकेतस्थळावरील फोटोंतून सत्तर हजार चेहऱ्यांचा एक संग्रह केला. २०२१ मध्ये निघालेले जीएफपीगॅन नावाचे, जुने चेहरे दुरुस्त करणारे प्रसिद्ध साधन त्याच संग्रहावर शिकलेले आहे. असल्या संग्रहात देवीचे वण असलेल्या, कपाळावर गोंदलेल्या, नऊवारीतल्या आज्या कितीशा असणार? २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका साधनाला माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचा अस्पष्ट केलेला फोटो दिला, तर त्याने एक गोरा पुरुष काढून दाखवला. जेथे एवढ्या प्रसिद्ध माणसाची ही गत, तेथे आपल्या सासूबाईंना कोण ओळखणार?

रंगाचेही तसेच. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात काढलेला एक फोटो आहे. त्यांच्यासोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या सहाध्यायिनी आहेत. आनंदीबाई परदेशातही साडीत बसल्या आहेत. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. त्या फोटोत यंत्राकडून रंग भरून घेतला, तर ते साडीला कोणता तरी रंग देईलच. पण तो रंग आनंदीबाईंच्या साडीचा नव्हे, यंत्राच्या मनचा. शिवाय त्या काळच्या काचांवर तांबडा रंग काळसर उमटे आणि गव्हाळ कांतीही असल्यापेक्षा सावळी दिसे. फार जुन्या फोटोंतले कुंकू काळे दिसते ते त्यामुळेच. यंत्राला तो डाग वाटला, तर ते कुंकूही पुसून टाकील!

दुसरी गोष्ट मुलींची. २०२५ च्या सप्टेंबरात जुन्या सिनेमातल्यासारख्या साडीतले फोटो एआयकडून करून घेण्याची लाट आली होती. गंमत म्हणून ठीक आहे. परंतु स्थळांना पाठवायचा फोटोही तसाच करावा काय? आमच्या नात्यातल्या एका मुलीचा फोटो असाच उजळून पाठवला. पाहुणे आले, त्यांनी मुलीकडे पाहिले, हातातल्या मोबाइलकडे पाहिले, पुन्हा मुलीकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही, पण ती पोर रात्री आईला म्हणाली, "तुम्हालाच मी पसंत नव्हते ना?" या प्रश्नाला तिच्या आईजवळ उत्तर नव्हते. सासूबाईंना तीन नकार आले ते परक्यांकडून. या मुलीला पहिला नकार आम्ही घरच्यांनीच दिला.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. आम्ही तो फोटो नंतर नारायणगावला संगणकावर काम करणाऱ्या एका मुलाकडे नेला. ओरखडे आणि पाण्याचे डाग काढायला त्यानेही यंत्रच वापरले. पण चेहऱ्याला हात लावण्याआधी मावससासूबाईंना शेजारी बसवून घेतले. त्या बोटाने दाखवीत, "इथं भुवईवर एक वण होता. गालावर दोन, जवळजवळ." जे त्यांना आठवले नाही ते त्याने पुसटच ठेवले. दोन तास लागले. शेवटी मावससासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आता आली माझी अक्का."

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. मूळ फोटो कधी टाकू नका. त्याची आहे तशी प्रत आधी करून ठेवा. डाग-ओरखडे जरूर काढा, पण चेहरा बदलायच्या आधी तो माणूस पाहिलेल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. दुरुस्त केलेल्या प्रतीवर 'दुरुस्त केलेली' असे लिहा. लेकीसुनांचे फोटो भलत्याच ॲपच्या हवाली करू नका. ते पुढे कोठे जातील याचा नेम नाही. आणि प्रत्येक जुन्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. हे काम आजच करा, कारण सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत.

आपल्याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राजघराण्यातील आठ व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज तेथे पायांच्या खुणांखेरीज जवळजवळ काही उरलेले नाही. परंतु वर नावे कोरली होती, म्हणून येथे राणी नायनिका होती हे आपल्याला कळते. तिचा चेहरा गेला. त्या जागी कोणी दुसरीच बाई आणून बसवली नाही, म्हणून ती जागा आजही नायनिकेचीच आहे. आपल्या घरातल्या भिंतीवरही जिची जागा तिलाच राहू द्यावी, इतकेच माझे मागणे.